पांढरे उंदीर, पिवळा साप आणि प्रोफेसर हाल्डेन

मागच्या महिन्यात कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलावर एक मोबाइल फिरत होता. त्यात अमेरिकेत कुणीतरी पाळलेल्या सापाचा व्हिडिओ होता. कॉर्न स्नेक नावाचा तो बिनविषारी साप अल्बिनो होता. अंगावर काळा ठिपका औषधालाही नव्हता. नुसता केशरी-पिवळा रंग आणि डोळे लाल मण्यांसारखे. एक जण म्हणाला, रंगवलाय. दुसरी म्हणाली, आमच्या गावी असा नाग निघाला तर लोक नारळ फोडतील. पण मग व्हिडिओतल्या माणसाने त्या सापाचे आई-बाप दाखवले, आणि ते दोघेही अगदी साधे, नेहमीच्या रंगाचे होते. आता आली का पंचाईत! दोन साध्या सापांच्या पोटी हे पिवळं पिल्लू आलं कुठून?

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला पाठ होतं, पण ते नीट समजावता येईना. घरी येऊन पुस्तकं काढली आणि वाचता वाचता एका माणसापाशी थांबले. पांढऱ्या उंदरांपासून त्याचं संशोधन सुरू झालं, पहिल्या महायुद्धाच्या खंदकात त्याने त्याचा निबंध लिहिला, आणि शेवटी तो भारताचा नागरिक म्हणून भुवनेश्वरला वारला. त्याचा देह काकीनाड्याला आहे आणि त्याच्या पत्नीने शेवटचा श्वास आपल्या हैदराबादमध्ये घेतला. नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन, म्हणजेच जे. बी. एस. हाल्डेन.

घरातलीच प्रयोगशाळा

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ होते. कोळशाच्या खाणीत मजूर कोणत्या वायूने मरतात, याचा ते शोध घेत. प्रयोग करायचे ते स्वतःवरच, आणि कधी कधी मुलावरही. एकदा त्यांनी लहानग्या जॅकला खाणीत नेलं. छताजवळ मिथेन साठला होता. तिथे उभं राहून शेक्सपियरच्या नाटकातलं एक भाषण म्हणून दाखव, असं त्यांनी सांगितलं. म्हणता म्हणता मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. खाली पडल्यावर श्वास नीट येऊ लागला, कारण मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो वर राहतो. हा धडा मुलगा जन्मभर विसरला नाही. आपल्याकडच्या आईने असल्या बापाला घरात घेतलं नसतं!

१९०१ साली वडिलांबरोबर त्याने डार्बिशायर नावाच्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकलं. तेव्हा जॅक आठ वर्षांचा होता. विषय होता मेंडेलचे नियम. ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो इथल्या मठातले धर्मगुरू. मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं लावून त्यांनी आनुवंशिकतेचं गणित मांडलं आणि १८६६ साली ते छापलं, पण १९०० सालापर्यंत त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. म्हणजे आठ वर्षांच्या जॅकने जे ऐकलं, ते त्या वेळी जगासाठीही ताजं होतं.

जॅकची धाकटी बहीण नाओमी. पुढे ती नाओमी मिचिसन या नावाने मोठी लेखिका झाली आणि १०१ वर्षं जगली. १९०८ च्या सुमारास तिने गिनिपिग पाळायला सुरुवात केली. भावाने पाहिलं की मेंडेलचे नियम इथेच तपासता येतील. घरामागच्या हिरवळीवर पिंजऱ्यांच्या रांगा लागल्या. कुणाचं कुणाशी जमवायचं, पिल्लं कुठल्या रंगाची झाली, याच्या नोंदी वहीत होऊ लागल्या. छंद म्हणून पाळलेल्या प्राण्यांतून शास्त्र कसं निघतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता आपला पिवळा साप

थोडं थांबून कॅन्टीनमधला प्रश्न सोडवून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

प्रत्येक प्राण्यात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. मेलॅनिन हा काळा-तपकिरी रंग बनवायला काही जनुकं लागतात. त्यांतल्या एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते. घरात दोघं भाऊ असले आणि एक आळशी निघाला, तरी दुसऱ्याच्या कष्टावर घर चालतं, तसंच. असा साप दिसायला अगदी साधा, पण त्याच्याकडे बिघडलेली प्रत लपलेली असते. त्याला वाहक म्हणतात. साप पाळणारे त्याला नुसतं हेट म्हणतात. जो गुण दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय दिसत नाही, तो अप्रभावी गुण.

आता दोन वाहक सापांची जोडी जमली असं समजा. प्रत्येक जण पिल्लाला एकच प्रत देणार, चांगली किंवा बिघडलेली, नाणं उडवल्यासारखी. दोन नाणी एकदम उडवा. दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारात एक. म्हणजे सरासरीने चार पिल्लांत एक अल्बिनो, दोन वाहक आणि एक पूर्ण साधं. हे सरासरीचं गणित, हमी नव्हे. बारा अंड्यांतून तीन अल्बिनो निघावेत असा हिशोब, पण एखाद्या वेळी एकही निघत नाही आणि कधी सहा निघतात.

वाहकाची जोडी पूर्ण साध्या सापाशी जमवली तर एकही पिल्लू अल्बिनो होत नाही, फक्त निम्मी वाहक होतात. अल्बिनो आणि पूर्ण साधा अशी जोडी असेल तर सगळी पिल्लं साधी दिसतात, पण सगळीच्या सगळी वाहक असतात. आणि दोन वाहकांच्या पोटी जी साध्या रंगाची पिल्लं येतात, त्यांतलं एखादं उचललं तर ते वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून तीनात दोन असते. कारण अल्बिनो बाजूला काढला की उरलेल्या तिघांत दोन वाहक. परीक्षेत इथेच सगळे घसरतात, बरं का!

साप पांढरा न होता पिवळा का झाला? कारण सापाच्या कातडीत काळ्या रंगाबरोबर पिवळा आणि लाल रंगही वेगळ्या पेशींत असतो. फक्त काळा गेला, बाकीचे राहिले. उंदराकडे, माणसाकडे ही पिवळी-लाल सोय नाही, म्हणून ते पांढरे दिसतात.

दोन पांढरेपणांची जोडगोळी

जॅक ईटनच्या शाळेत गेला. तिथे मोठ्या मुलांनी त्याला फार छळलं. तिथून तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात आला, आधी गणितात पहिला वर्ग मिळवला आणि १९१४ मध्ये ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञानात. म्हणजे विज्ञानाची पदवी या माणसाकडे कधीच नव्हती!

विद्यार्थी असतानाच डार्बिशायर यांचे छापलेले जुने आकडे त्याच्या हाती लागले. डार्बिशायर यांनी गुलाबी डोळ्यांचे जपानी उंदीर आणि अल्बिनो उंदीर यांच्या जोड्या लावल्या होत्या. अल्बिनोपणाचं एक जनुक आणि गुलाबी डोळ्यांचं दुसरं. मेंडेलच्या नियमाप्रमाणे ही दोन जनुकं पुढच्या पिढीत एकमेकांशी संबंध न ठेवता वाटली जायला हवी होती. आकडे तसं सांगत नव्हते. दोन्ही जनुकं पुष्कळदा जोडीनेच जात होती, जणू एकाच डब्यात बसून प्रवास करत होती. आज आपण म्हणतो की ती एकाच गुणसूत्रावर आहेत. पण सस्तन प्राण्यांत हे तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नका, स्वतःचे गोळा करा, असा सल्ला मिळाला. मग हाल्डेन, नाओमी आणि मित्र स्प्रंट अशा तिघांनी उंदरांच्या जोड्या लावायला घेतल्या. आणि तेवढ्यात १९१४ चं महायुद्ध आलं.

हाल्डेन ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी होऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेले. १९१५ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. वडिलांना मुखवटे तपासायला तातडीने फ्रान्सला बोलावलं गेलं आणि त्यांनी मुलाला मदतीला घेतलं. बाप-लेक एका बंद खोलीत क्लोरीन हुंगून कोणता मुखवटा किती टिकतो ते पाहत होते. त्यानंतर हाल्डेन पुन्हा लढाईत गेले आणि जखमी झाले. स्प्रंट त्याच वर्षी लढाईत मारले गेले.

उंदरांचा निबंध १९१५ च्या अखेरीस जर्नल ऑफ जेनेटिक्समध्ये छापून आला. त्याचं काही काम हाल्डेन यांनी आघाडीवर असतानाच केलं होतं. त्यावर तीन नावं आहेत, आणि त्यांतला एक जण छापलेलं पाहायला जिवंत नव्हता. आपण पाठ्यपुस्तकात सहलग्नता हा शब्द दोन ओळींत पाठ करतो. त्या दोन ओळींमागे एक बहीण, एक भाऊ आणि एक मेलेला मित्र आहे, हे मला तरी आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आता गंमत बघा. २०१५ मध्ये जिनीव्हाच्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या कॉर्न स्नेकच्या काळा रंग नसण्यामागचं जनुक शोधलं. ओसीए-टू नावाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसला होता आणि त्याने जनुक बंद पाडलं होतं. हे जनुक म्हणजे हाल्डेन यांच्या उंदरांतलं गुलाबी डोळ्यांचंच जनुक! बरोबर शंभर वर्षांनी तेच जनुक सापात भेटलं. कॅन्टीनमधल्या मोबाइलवर आम्ही पाहिला तो साप आणि ऑक्सफर्डच्या घरातले ते उंदीर असे एकमेकांचे नातेवाईक निघाले.

लपलेल्या जनुकांचं राजकारण

१९१७ मध्ये हाल्डेन मेसोपोटेमियाच्या आघाडीवर पुन्हा जखमी झाले आणि त्यांना उपचारासाठी हिंदुस्थानात आणलं. शिमल्याला काही दिवस काढले. देश आवडला, पण गोऱ्या अधिकाऱ्याला इथल्या माणसाशी बरोबरीने मैत्री करता येत नाही, हे त्यांना खुपलं. तेव्हाच मनात काहीतरी रुजलं असावं.

युद्धानंतर ऑक्सफर्ड, मग केंब्रिज आणि १९३३ पासून लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. या काळात त्यांनी जे काम केलं, त्यामुळे त्यांचं नाव रोनाल्ड फिशर आणि स्यूअल राइट यांच्याबरोबर घेतलं जातं. डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलची जनुकं यांची गाठ या तिघांनी गणिताने मारली. गुणसूत्रावरचं अंतर मोजायच्या एककाला सेंटिमॉर्गन हे नाव हाल्डेन यांचंच. रक्त न गोठण्याच्या आजारावरून माणसात नवं उत्परिवर्तन किती वेळा होतं, याचा पहिला अंदाज त्यांनी १९३५ मध्ये बांधला. १९४९ मध्ये त्यांनी सुचवलं की थॅलसेमियासारखे रक्तदोष मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहतात, कारण एकच बिघडलेली प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असावं. सिकलसेलच्या बाबतीत हे पुढे खरं ठरलं. नंदुरबार, गडचिरोली, आदिलाबाद भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल का आहे, हे समजून घेताना आजही हाच विचार कामी येतो.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या काळी युरोप-अमेरिकेत एक मत फोफावलं होतं, की ज्यांच्यात आनुवंशिक दोष आहे त्यांची नसबंदी करावी, म्हणजे वंश शुद्ध होईल. जुलै १९३३ मध्ये नाझी जर्मनीने तसा कायदाच केला. हाल्डेन यांनी १९३८ च्या आपल्या पुस्तकात या मताची चिरफाड केली. त्यांचं हत्यार होतं तेच साधं गणित.

आपणही करून पाहू. एखादा अप्रभावी दोष वीस हजारांत एका माणसात दिसतो, असं धरा. म्हणजे बिघडलेली प्रत साधारण १४१ प्रतींत एक. प्रत्येक माणसाकडे दोन प्रती, म्हणून वाहक निघतात सत्तरांत एक. वीस हजारांच्या गावात दोष दिसणारा एक माणूस आणि तो दोष लपवून हिंडणारे जवळजवळ २८०! त्या एका माणसाला शिक्षा करून काय साधणार? बाकीचे २८० तर पाटीलकी करत फिरताहेत. आणि खरं सांगायचं तर आपण सगळेच कशाचे ना कशाचे वाहक आहोत. शुद्ध वंश ही गोष्टच नाही. जर्मनीतून हाकललेल्या काही शास्त्रज्ञांना हाल्डेन यांनी आपल्या विभागात जागा दिली. उंदरांच्या जनुकांवर पुढे मोठं काम करणारे हान्स ग्रुनेबर्ग त्यांतलेच.

हा माणूस संत नव्हता, हेही लिहायला हवं. ते कम्युनिस्ट झाले, मजुरांच्या वर्तमानपत्रात विज्ञानावर शेकडो लेख लिहिले. पण रशियात लायसेंको नावाच्या माणसाने आनुवंशिकी खोटी ठरवली तेव्हा हाल्डेन यांनी स्पष्ट शब्दांत निषेध केला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह, ज्यांनी १९२८ मध्ये त्यांना पाहुणा म्हणून रशियात बोलावलं होतं, ते १९४३ मध्ये तुरुंगात वारले. आपल्या क्षेत्राची माणसं चिरडली जात असताना हाल्डेन पक्षाशी बांधलेले राहिले. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, पण उशीर झाला होता. वीस हजारांच्या गावाचं गणित करणाऱ्या माणसाला हा हिशोब वेळेवर जमला नाही.

धाडस मात्र कधी कमी पडलं नाही. १९३९ मध्ये थेटिस नावाची पाणबुडी बुडून ९९ माणसं गुदमरून मेली. ती शेवटच्या तासांत काय भोगून गेली, हे कळावं म्हणून हाल्डेन स्वतः पोलादी पेटीत बंद होऊन बसले. पुढच्या प्रयोगांत कानाचा पडदा फाटला, पाठीचे मणके दुखावले. बापाचा मुलगाच तो!

धोतर-कुडत्यातला प्रोफेसर

१९५७ च्या जुलैमध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, हाल्डेन इंग्लंड सोडून कलकत्त्याला आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावलं होतं. सुएझवर ब्रिटनने केलेल्या हल्ल्याचा निषेध, हे त्यांनी जाहीर कारण दिलं. बरोबर पत्नी हेलन स्परवे होत्या. त्याही आनुवंशिकीच्या अभ्यासक. माशा, पाणसरडे आणि गप्पी मासे हे त्यांचे प्राणी. ज्या जर्नल ऑफ जेनेटिक्समध्ये १९१५ चा निबंध आला होता, त्याचे संपादक आता हाल्डेनच होते. ते नियतकालिकही त्यांनी बरोबर भारतात आणलं, आणि आजही ते भारतातूनच निघतं.

साहेब शाकाहारी झाले, धोतर-कुडता घालू लागले. मुलांना म्हणायचे (हे मी माझ्या शब्दांत सांगतेय), महागडी यंत्रं नसली तर रडू नका. डोळे आणि गणित आहे ना? एका विद्यार्थ्याने पारिजातकाच्या पाकळ्या मोजल्या. कृष्ण द्रोणमराजू या आंध्रच्या विद्यार्थ्याने फुलपाखरं घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलावर बसतात ते मोजलं, आणि कानावर केस असण्याचा गुण घराण्यात बापाकडून मुलाकडे कसा जातो ते तपासलं. सुरेश जयकर आणि हेलन यांनी माळावरच्या पिवळ्या गाठीच्या टिटवीचा अभ्यास केला. तो मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये आला. प्राणी न मारता शास्त्र करायचं, ही हाल्डेन यांची नवी आवड.

आणखी एक विषय त्यांच्या माणसांनी आंध्रात हाती घेतला, तो म्हणजे नात्यातली लग्नं. इथे आपल्याला जरा अस्वस्थ व्हायला होतं. तेलुगू घरांत मामा-भाचीचं लग्न होतं, आणि आपल्या मराठवाड्याकडच्या, हैदराबादेतल्या मराठी घरांतही मामाच्या मुलीवर पहिला हक्क आतेभावाचा, असं म्हणायची पद्धत होती. माझ्या आजीचं लग्न असंच झालेलं.

साप पाळणारे हेच मुद्दाम करतात. एक अल्बिनो मिळाला की त्याची साध्याशी जोडी, त्यांच्या वाहक पिल्लांची आपसात जोडी किंवा पुन्हा अल्बिनो आई-बापाशी. दोन पिढ्यांत पिवळी पिल्लं तयार. पण त्याच वाटेने नको असलेल्या बिघडलेल्या प्रतीही जोडीने भेटतात. नेहरू झूऑलॉजिकल पार्कमध्ये आपण लहानपणी पांढरे वाघ पाहिलेत ना? पांढरा वाघ अल्बिनो नव्हे, त्याला काळे पट्टे आणि निळे डोळे असतात. पण त्याचं जनुकही अप्रभावीच. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. साध्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्लं झाली नाहीत. मग त्याचीच मुलगी राधा हिच्याशी जोडी लावली आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं झाली. पुढे जगभर प्राणिसंग्रहालयांत गेलेल्या पांढऱ्या वाघांच्या मुळाशी मोहनच आहे, आणि तिरळे डोळे हा त्यांच्यातला नेहमीचा दोष.

माणसाचं गणित असं. वीस हजारांत एक असलेला दोष सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात साधारण दोन हजारांत एक होतो आणि मामा-भाचीच्या लग्नात हजारांत एक. वाचून घाबरू नका. दोन हजारांतली १,९९९ मुलं त्या दोषाविना जन्मतात. पण धोका दहापट झाला हेही खरं. ठरवायचं ज्याचं त्याने, पण आकडा माहीत असून ठरवावं.

आणि ज्यांच्या घरी पांढऱ्या केसांचं, उन्हात डोळे मिटून घेणारं मूल जन्मलं, त्यांना एवढंच सांगायचं की यात आईने ग्रहणात काही कापलं म्हणून, कुणाचा शाप म्हणून किंवा मागच्या जन्माचं पाप म्हणून काही नाही. दोन नाणी काटा पडली, बस. त्या मुलाला टोपी, चांगला चष्मा, वर्गात पहिला बाक आणि त्याच्या नावाने हाक मारणारे मित्र हवेत.

काकीनाडा आणि हैदराबाद

१९६१ मध्ये मतभेद होऊन हाल्डेन यांनी सांख्यिकी संस्था सोडली. त्याच सुमारास ते भारताचे नागरिक झाले. १९६२ मध्ये बिजू पटनाईक यांच्या बोलावण्यावरून भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभी करायला गेले. पुढच्याच वर्षी कर्करोग निघाला. लंडनला शस्त्रक्रिया झाली. तिथल्या खाटेवर त्यांनी स्वतःच्या रोगावर विनोदी कविता लिहिली आणि ती छापली. लोकांनी लाजून लपवू नये, वेळेवर डॉक्टरकडे जावं म्हणून. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते गेले. देव मानत नव्हते, पण देह दान करून गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे तो काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला दिला, आणि तिथे त्यांचा सांगाडा जपून ठेवलेला आहे. आयुष्यभर स्वतःवर प्रयोग करणारा माणूस मेल्यावरही विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडला.

हेलन स्परवे इंग्लंडला परत गेल्या नाहीत. पुढे त्या आपल्या शहरात राहिल्या आणि १९७८ मध्ये हैदराबादलाच वारल्या. त्याच्या आदल्याच वर्षी इथे सीसीएमबीची सुरुवात झाली होती. पुढे तिथे लालजी सिंग आले. बनारसला असताना त्यांनी सापांच्या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर काम केलं होतं. सापांत माणसाच्या उलट असतं, मादीची दोन लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात. पट्टेरी मण्यारीच्या मादीत त्यांना डीएनएचा एक पुन्हा पुन्हा येणारा तुकडा सापडला. त्याच धाग्यावरून हैदराबादमध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंगचं भारतीय तंत्र तयार झालं. सापाची आनुवंशिकी इथवर येऊन कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचली!

शेवटी एक सूचना, विशेषतः त्या मोबाइलवाल्या मित्रासाठी, कारण त्याच्या मनात काय आहे ते मला दिसतंय. आपल्या देशातला कोणताही साप, पांढरा असो वा काळा, घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातीच्या काही प्राण्यांनाही सरकारकडे नोंदणी लागते. तेव्हा हौस असेल तर नाओमीसारखं सुरू कर. गप्पी मासे घे, एक वही घे, आणि कुणाच्या पोटी कोण आलं ते रोज लिही. आणि सुट्टीत काकीनाड्याकडे जाणं झालं तर रंगराया कॉलेजात त्या म्हाताऱ्याची चौकशी जरूर कर.